डबा कुठं बसवलाय? सांगलीत घरचं नेट बदलताना

२४ एप्रिल २०२५ ला मोबाईलवर मेसेज आला: १ मेपासून आपल्या ब्रॉडबँड प्लॅनचे दर बदलत आहेत. आतापर्यंत १०० एमबीपीएस वेगासाठी महिना ५०० अधिक १८ टक्के जीएसटी असे ५९० रुपये जात होते. आता ६५० अधिक जीएसटी, म्हणजे ७६७. कारण काही दिलेलं नव्हतं. खाली फक्त 'आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद' होतं. सहकार्य मी अजून केलेलंच नव्हतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. जिच्याकडे गेलो तिचंही लिहिणार नाही, कारण आमच्या गल्लीत जो चांगला आहे तो विश्रामबागेत किंवा मिरजेत तसाच निघेल याची खात्री नाही. निवड कशी केली, पैसे कुठं गेले, कागद कुठले लागले, एवढंच सांगते. बदलायचं ठरवलं की सगळे 'कुणाचं घेतलं?' हे विचारतात, आणि त्या उत्तराचा दुसऱ्याला फारसा उपयोग होत नाही.

माझं काम घरूनच चालतं. हरभट रोडवरची काही दुकानं आणि मार्केट यार्डातले हळदीचे अडते यांचे जीएसटी रिटर्न मी भरते. ११ तारखेला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचा तपशील, २० ला ३बी म्हणजे महिन्याचा हिशेब आणि कर. त्याच्या आदल्या दोन दिवसांत नेट गेलं की माझा फोन थांबत नाही, कारण उशिराला दिवसाला ५० रुपये लेट फी आहे आणि कर थकला तर वर व्याज. घर गावभागात, म्हणजे नदीजवळच्या जुन्या सांगलीत आहे. जुना वाडा, दगड-चुन्याच्या दोन फुटी भिंती. घरात सासूबाई, नवरा, यंदा बारावीला गेलेली मुलगी आणि मी.

मेसेज आला त्याच दिवशी कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता. "वरनंच वाढलंय मॅडम, आमच्या हातात काय नाय." बंद करायचं म्हटल्यावर मात्र त्याच्या हातात थोडंसं आलं: सहा महिन्यांचे एकदम भरले तर जुन्या दरात देतो म्हणाला. ईमेलवर तसं लिहून पाठवा म्हटलं. "पाठवतो" म्हणाला. ते ईमेल काही आलं नाही. फोनवर कबूल केलेला दर बिलावर येईपर्यंत खरा मानायचा नाही, हे मी माझ्या पक्षकारांना नेहमी सांगते, ते इथंही लागू पडलं. मग १ मेला मुकाट्यानं एका महिन्याचे ७६७ भरले. हे पैसे वाया गेले असं मला वाटत नाही. घाईत काहीतरी घेण्यापेक्षा महिनाभर वेळ विकत मिळाला.

दर वाढला की माणूस लगेच स्वस्त प्लॅन शोधायला धावतो. मी आधी आपण वापरतो किती ते बघायला बसले, हिशेबाची सवय, दुसरं काय! जवळजवळ सगळ्या कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये महिन्याचा वापर दिसतो. आमचा तीनशे जीबीच्या आसपास निघाला. त्यातला मोठा वाटा सासूबाईंच्या टीव्हीवरच्या मालिकांचा आणि कीर्तनांचा, मग मुलीच्या लेक्चर्सचा. माझं रिटर्नचं काम त्यात कुठं दिसतही नाही.

मग वेग तपासला. लॅपटॉपला थेट राउटरची वायर लावली तर ९४ एमबीपीएस, म्हणजे कंपनी देत होती त्यात खोट नव्हती. माजघरात वायफायवर १७. सासूबाईंच्या खोलीत ६, आणि रात्री नऊ वाजता तेही नाही. एचडी चित्राला ५ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे टीव्ही कसाबसा चालायचा आणि मधेच गोल फिरत बसायचा. शंभरचे पैसे भरून आम्ही सहाचं नेट वापरत होतो, आणि त्याला कंपनी नाही, दोन फुटी भिंत जबाबदार होती. कंपनी बदलून भिंत बदलत नाही. म्हणून तिथंच ठरवलं की प्लॅन पन्नासचा घ्यायचा आणि उरलेल्या पैशांत ते नेट आतपर्यंत न्यायचं. तुम्हीही स्पीड टेस्ट करताना एकदा वायर लावून आणि एकदा घरातल्या सगळ्यात लांबच्या खोलीतून करा, आणि संध्याकाळीच करा. सकाळी अकराला सगळ्यांचंच नेट चांगलं चालतं.

मग गल्लीत फिरले. संकेतस्थळावर पिनकोड टाकला की 'आपल्या भागात सेवा उपलब्ध आहे' असं सगळेच दाखवतात, पण ४१६४१६ हा पिनकोड केवढा मोठा आहे! आपल्या खांबावर कुणाचा डबा आहे, म्हणजे जिथून घराला वायर येते तो, ते डोळ्यांनीच बघावं लागतं. डब्यावर बहुतेक वेळा कंपनीचं स्टिकर असतं. वायरींचं जंजाळ बघत खांबाखाली उभी राहिले की जाणारे-येणारे विचारत, "काय वहिनी, लाईट गेली काय?"

शेजाऱ्यांना 'नेट कसं आहे?' असं विचारलं तर 'बरं आहे' एवढंच उत्तर येतं. म्हणून मी विचारायचे, शेवटचं कधी बंद पडलं होतं आणि परत कधी सुरू झालं. याचं उत्तर प्रत्येकाला तोंडपाठ असतं, आणि सोबत वायरमनचं नाव, त्याचा स्वभाव, तो कुठल्या रस्त्यानं येतो हे सगळं फुकट मिळतं. मेडिकल आणि झेरॉक्सच्या दुकानात तर विचारायलाच हवं, कारण नेट गेलं की त्यांचा धंदा थांबतो.

समोरच्या वाड्यातल्या काकांनी बीएसएनएलचं फायबर घेतलंय. त्यांचं कारण वेगळंच होतं. ०२३३ चा त्यांचा जुना नंबर सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे, आणि तांब्याच्या तारेवरचा तो नंबर तसाच्या तसा फायबरवर आणता आला. दुसऱ्या कंपनीत गेले असते तर तो सोडावा लागला असता. मोबाईलचा नंबर कंपनी बदलून नेता येतो, घरच्या लँडलाइनचा आपल्याकडे नाही. ज्यांच्या घरी असा नंबर आहे आणि तो जपायचाय त्यांनी बाकीची तुलना करण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

मी पाहिलं तेव्हा संकेतस्थळांवरचे दर असे होते. जिओचं ३० एमबीपीएस ३९९ ला आणि १०० चं ६९९ ला, एअरटेलचं ४० एमबीपीएस ४९९ ला आणि १०० चं ७९९ ला, बीएसएनएलचं ३० एमबीपीएस ४४९ ला. सगळ्यांवर १८ टक्के वेगळे. म्हणजे ३९९ चे ४७१ होतात आणि ७९९ चे ९४३. दुकान जीएसटीत नोंदलेलं असेल आणि नेट धंद्यासाठी असेल तर तो कर क्रेडिटला घेता येतो, म्हणजे आपल्याला भरायच्या करातून वजा होतो, बिलावर आपला जीएसटी नंबर तेवढा घालून घ्यायचा. घरगुती माणसाला आणि माझ्यासारख्या वीस लाखांच्या आतल्या नोंदणी नसलेल्या व्यावसायिकाला तो खर्चच. म्हणून मी सगळी तुलना कर धरून आणि सहा महिन्यांची केली. महिन्याचा आकडा जाहिरातीसाठी असतो, पैसे भरायची वेळ येते तेव्हा सहा किंवा बारा महिन्यांचे मागतात.

'अमर्यादित' डेटाला मर्यादा असते, तीही बघा. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबी आहे, म्हणजे दिवसाला ११० जीबी. घरगुती वापरात तिथवर कुणी पोचत नाही. ५जी वरून बिनतारी येणाऱ्या एअरफायबरला ती साधारण १००० जीबी असते. आम्हाला तीही पुरली असती. एअरफायबरचा माणूस येऊन सिग्नलही बघून गेला. चांगला होता. पण आमच्या छपरावर मंगलोरी कौलं आहेत, बाहेरचं यंत्र बसवायला भक्कम जागा नाही, आणि कौलावर कुणी पाय ठेवला की सासूबाईंच्या पोटात गोळा येतो. तो पर्याय तिथंच संपला.

गल्लीत अजून दोन स्थानिक केबलवाले नेट देत होते. त्यातल्या एकानं दर सांगितला साडेचारशे, आणि लगेच पुढं, "बिल नको असलं तर तेवढेच द्या, जीएसटी नको." मी काय काम करते हे त्याला माहीत नव्हतं. सांगितल्यावर तो चहाला थांबला नाही. गंमत सोडा, पण स्थानिक माणसाकडून घेताना बिल कुणाच्या नावानं येतं ते विचारायलाच हवं. नेट द्यायला दूरसंचार खात्याचं लायसन्स लागतं. त्यात अ वर्ग देशभरासाठी, ब एका सर्कलसाठी, म्हणजे साधारण एका राज्यासाठी, आणि क एका एसएसएपुरता, म्हणजे साधारण एका जिल्ह्याएवढ्या भागासाठी असतो. पुष्कळ केबलवाले स्वतः लायसन्सधारक नसून त्यांचे भागीदार असतात. त्यात वावगं काही नाही, पण पुढं तक्रार करायची वेळ आली तर ती त्या लायसन्सधारकाकडं जाते. पक्क्या बिलावर त्याचं नाव, जीएसटी नंबर आणि ९९८४ नं सुरू होणारा सॅक कोड, म्हणजे सेवेचा जीएसटीतला क्रमांक, असतो. नुसती पिवळी पावती मिळाली तर तक्रार कुणाकडं करणार?

आता गावभागातला खास प्रश्न, जो कुठल्याच कस्टमर केअरच्या यादीत नसतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा नेटचा प्रश्न आलाच नाही, कारण आम्हीच घरात नव्हतो, विश्रामबागेत नणंदेकडे होतो. त्या वर्षी सरकारनं सांगलीसह पूरग्रस्त जिल्ह्यांना जुलैचा ३बी भरायला २० सप्टेंबरपर्यंत मुदतही दिली होती. पण अशी मुदत मोठ्या पुरालाच मिळते. पाणी चाळीस-बेचाळीसवर घुटमळतं तेव्हा सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरातली माणसं सामान बांधतात. आमच्या पायरीला पाणी लागत नाही. आम्ही घरातच, लाईट असते, तारखा असतात, आणि नेट बंद. कारण ते ज्या डब्यातून येतं तो डबा खालच्या अंगाला असतो.

जुन्या कंपनीचं आमच्या भागातलं काम जुन्या पद्धतीचं होतं. खालच्या गल्लीतल्या एका दुकानापर्यंत फायबर, तिथं विजेवर चालणारा स्विच, आणि तिथून घराघरांत लॅनची वायर. दुकानदार मेन बंद करून लग्नाला गेला की आमचंही नेट त्याच्याबरोबर लग्नाला. पावसाळ्यात तर तो स्विच पहिला काढून ठेवायचे, आणि ते बरोबरच होतं, बुडू कसा देणार?

घरापर्यंत खरं फायबर आलं की मधे विजेवर चालणारं काही नसतं, हे मला झेरॉक्सवाल्याच्या वायरमननं समजावलं. कंपनीच्या जागेत ओएलटी नावाचं मोठं मशीन, आपल्या घरात ओएनटी, म्हणजे तो दिवे लुकलुकणारा डबा. मधे स्प्लिटर. एका काचेच्या तारेतला उजेड तो आठ, सोळा किंवा बत्तीस घरांत वाटतो आणि त्याला लाईट लागत नाही. काच पाण्यात बुडाली तरी शॉर्ट होत नाही, सांधे तेवढे नीट बंद केलेले हवेत. म्हणजे पुराच्या दिवसांत बघायच्या जागा उरतात दोन: ओएलटी कुठं आहे आणि आपल्या घरात वीज आहे का.

तेव्हापासून जो कुणी प्लॅनचा कागद घेऊन आला त्याला मी विचारायला लागले, "तुमचं ओएलटी कुठं बसवलंय? एकोणीसच्या पुरात ती जागा बुडाली होती का?" एका मोठ्या कंपनीचा प्रतिनिधी गोंधळला. "मॅडम, मी मागच्या वर्षी जॉइन झालो," म्हणाला, आणि विचारून सांगतो म्हणून गेला तो गेलाच. दुसऱ्यानं सांगितलं की क्लाउडवर आहे. दोन स्थानिकांपैकी जो उरला होता त्यानं मात्र एका दमात सांगितलं: शंभर फुटी रस्त्याच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर, जोडीला बॅटऱ्या आणि जनरेटर, गावभागात फक्त स्प्लिटर. "एकोणीसला आमचं मशीन खाली होतं वहिनी, गेलं सगळं पाण्यात. म्हणून तर वर नेलं." मी नवऱ्याला घेऊन स्कूटरवर ती जागा बघून आले. नवरा म्हणाला, नेट घ्यायला निघालीस की फ्लॅट? सासूबाईंचं वेगळंच. "पूर आल्यावर नेट कशाला गं लागतंय तुला? पाणी किती चढलं ते आयर्विनवर जाऊन बघायचं की!" त्यांनाच मागच्या पावसाळ्यात दर तासाला कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते मी फोनवर बघून सांगत होते.

ठरलं ते याच माणसाकडून. ५० एमबीपीएस, महिना ४५० अधिक जीएसटी, सहा महिन्यांचे ३,१८६. राउटरसह ओएनटीसाठी १,५०० अनामत, परत मिळणारी. जोडणीचे हजार रुपये सहा महिन्यांचे भरल्यावर माफ. ही 'माफी' घेताना मधेच सोडलं तर ते हजार वसूल करणार का, ते विचारा. आमच्या अर्जात तशी ओळ होती, मला ती मान्य होती.

१३ मेला, ११ तारखेचं काम उरकल्यावर, अर्ज भरला. फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा. लाईट बिल अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, ते जाऊन आठ वर्षं झाली. वाडा सामाईक, त्यामुळे नाव बदलायचं काम 'या दिवाळीनंतर' असं दर दिवाळीत ठरतं. तो म्हणाला हे बिल चालणार नाही, दुसऱ्या हिश्शेदारांचं ना हरकत आणा. त्या भानगडीत पडले असते तर नेट नातवंडांच्या काळात आलं असतं. माझ्या आधारवर हाच पत्ता आहे, तो ओळख आणि पत्ता दोन्हीला चालतो का ते तुमच्या ऑफिसला विचारा म्हटलं. चालला. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर 'फक्त नेट जोडणीसाठी' आणि तारीख लिहून, सही त्या अक्षरांवरून जाईल अशी केली. आकडे झाकलेलं मास्क्ड आधार चालत असेल तर तेच द्या.

"परवा येतो" म्हणाला. तो परवा काही लवकर उगवला नाही, पण त्याला तरी काय बोलणार. २०२५ च्या मे महिन्यातच पावसानं जी झड लावली ती सगळ्यांनी पाहिली, ओल्या खांबावर शिडी लावून कुणी चढत नाही आणि चढूही नये. एकीकडे २० तारीख जवळ येत होती. मीच फोन करून सांगितलं की आता २० नंतरच या. चालू असलेलं नेट आणि रिटर्नची तारीख या दोन्हींच्या मधे मला कुणी ड्रिल घेऊन उभा नको होता.

२३ मेला उघडीप मिळाली आणि दोघं पोरं आली. खांबावरून वायर ओढायला वेळ लागला नाही. भिंतीनं लावला. त्यांच्याकडचा ड्रिलचा बिट फूटभराचा, भिंत दोन फुटांची. दोन्ही बाजूंनी पाडू म्हणाले, मधे भोकं जुळली तर जुळली. सासूबाई खुर्ची टाकून समोरच बसल्या होत्या. "माझ्या सासऱ्यांनी बांधलेली भिंत आहे ती," एवढंच म्हणाल्या. पोरांनी ड्रिल खाली ठेवलं. शेवटी खिडकीच्या चौकटीला कोपऱ्यात बारीक भोक पाडून वायर आत घेतली. भोकाच्या बाहेर वायरीला खाली एक झोळ ठेवायला सांगा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न येता झोळाशी गळून पडतं. आणि फायबर काटकोनात वाकवू देऊ नका, खिळ्यानं ठोकूही देऊ नका. आत काच आहे.

टोकाला कनेक्टर बसवल्यावर त्यानं एक छोटं मीटर लावलं आणि मला दाखवलं. "उणे एकोणीस. एकदम बेस्ट." हा आकडा म्हणजे उजेड घरापर्यंत किती पोचतो ते, डीबीएममध्ये. उणे २७ च्या पुढं गेला की ओएनटीवर एलओएसचा, म्हणजे उजेड पोचत नसल्याचा, लाल दिवा लागतो. हा आकडा विचारून लिहून ठेवा. पुढं कधी नेट अडखळायला लागलं तर परत मोजायला सांगायचं. उणे १९ चं उणे २६ झालं असेल तर वायर कुठंतरी दबली आहे, राउटर बंद-चालू करून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेट सुरू झालं. जुनं ३१ पर्यंत होतंच. तो आठवडा दोन्ही चालू ठेवली, माझं काम नव्यावर, बाकी घर जुन्यावर. पावसात, रात्री, लाईट गेल्यावर कसं चालतं ते बघितलं. लाईट गेली की ओएनटीही जातो, म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला, ११५० रुपयांचा. दोन-तीन तास निघतात. घेताना ओएनटीच्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्या, पिन बसली म्हणजे चाललं असं नाही.

भिंतीचं काम मात्र आमचं आम्हीच केलं. कॅट-६ ही नेटची वायर आणली, तुळईच्या कडेनं माजघरातून सासूबाईंच्या खोलीपर्यंत नेली आणि टोकाला कपाटात पडून असलेला जुना राउटर लावला. तो आमच्या मालकीचा होता, कंपनीचा नव्हे. वायर, क्लिपा आणि दोन टोकं चढवून घ्यायचे मिळून सहाशे रुपये झाले. दोन्ही राउटरला वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच दिला. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असतं पण दगडी भिंतीपुढं हात टेकतं, २.४ वालं हळू पण थोडं आत शिरतं. आमच्याकडे आता प्रत्येक खोलीला तिचंच राउटर, त्यामुळे तो प्रश्न मिटला. सासूबाईंच्या खोलीत ४६ येतात. त्यांना आकड्याशी देणंघेणं नाही, कीर्तन थांबत नाही एवढं कळलं.

२९ मेला जुन्या कंपनीला बंद करण्याचं ईमेल केलं: ग्राहक क्रमांक, कोणत्या तारखेपासून बंद, राउटर कधी परत करणार, अनामत कुठल्या खात्यात जमा करायची. त्याआधी यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द केलं. हे आधी करा. नाहीतर १ तारखेला पैसे कापले जातात आणि मग ते परत मागायचा वेगळा उद्योग मागं लागतो. ईमेल गेल्यावर फोन सुरू झाले. आता जुना दर, वर एक महिना फुकट. एप्रिलमध्ये लिहून दिलं असतं तर कदाचित राहिलेही असते.

डबा परत द्यायला त्यांच्या ऑफिसात गेले, तर पावती देत नाही म्हणाले, "सिस्टीमला नोंद होते." मी घरूनच दोन प्रती लिहून नेल्या होत्या: राउटर, त्याचा सिरियल नंबर, अ‍ॅडॉप्टर, लॅन वायर. एका प्रतीवर शिक्का आणि सही घेतली. २०२० ची १,५०० रुपयांच्या अनामतीची पावती सापडली, तिची झेरॉक्स जोडली. महिन्याभरात पैसे येतील म्हणाले.

जून संपला, पैसे नाहीत. कस्टमर केअरला तक्रार नोंदवली आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घेतला. हा नंबर नसेल तर पुढची पायरी चढता येत नाही. 'प्रक्रियेत आहे' असं उत्तर आलं. बरेच जण इथं ट्रायकडं, म्हणजे दूरसंचार नियामकाकडं, तक्रार करायला धावतात, पण ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारी स्वतः हाताळत नाही. २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीलाच तक्रार केंद्र आणि त्याच्यावर अपील प्राधिकरण ठेवावं लागतं. तक्रार केंद्राच्या उत्तरानं समाधान झालं नाही तर ३० दिवसांत अपील करायचं, फी नाही, आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. अपील प्राधिकरणाचा ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी बारीक अक्षरात असतो. त्यावर डॉकेट नंबर, शिक्क्याची प्रत आणि अनामतीची पावती जोडून चार ओळी लिहिल्या, तक्रारीचा सूर न लावता. तिथंही अडलं असतं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला जाणार होते, पण ती वेळ आली नाही.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात १,३०० रुपये जमा झाले. दोनशे अ‍ॅडॉप्टर न दिल्याबद्दल कापले, असा खुलासा. शिक्क्याच्या प्रतीवर 'अ‍ॅडॉप्टर' हा शब्द होता त्याला लाल गोल करून परत पाठवली, तेव्हा उरलेले दोनशे आले.

आता हिशेब. जुन्याच कंपनीत राहिलो असतो तर नव्या दरानं सहा महिन्यांचे ४,६०२ गेले असते. इथं ३,१८६ गेले, म्हणजे १,४१६ वाचले. त्यातून यूपीएस आणि वायरीचे १,७५० वजा केले तर पहिल्या सहामाहीत आम्ही ३३४ रुपयांनी तोट्यातच आहोत. यूपीएस आणि वायर पुन्हा घ्यायची नाही, त्यामुळे फरक पुढच्या सहामाहीपासून दिसेल, नव्या कंपनीनं दर वाढवला नाही तर. मुदत २३ नोव्हेंबरला संपते. २० ला ३बी आहे, म्हणून मोबाईलवर आठवण १२ नोव्हेंबरची लावून ठेवली आहे, दर विचारायला.